ओपन सोर्समधली आचारसंहिता: फाइल आहे, राबवायची कुणी?

गोदाकाठी | शनि. रात्री १०:४०

मंडळी, जरा सविस्तर लिहितोय. सल्ला हवाय.

नाशिकमध्ये आमचा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा छोटा गट आहे. शनिवारी संध्याकाळी कॉलेज रोडला एकाच्या ऑफिसात जमतो. कोविडनंतर द्राक्षबागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदी ठेवायचं ॲप सुरू केलं, सगळा कोड खुला. कोणतं औषध कधी मारलं, पीएचआयचे (फवारणी आणि काढणी ह्यांत ठेवायच्या अंतराचे) किती दिवस उरले, म्हणजे काढणी कधीपासून चालेल, एवढंच ते सांगतं. एक्स्पोर्टच्या बागेला ह्या नोंदी लागतातच. दिंडोरी-निफाडकडचे बरेच जण वापरतात.

अडचण माणसांची आहे. आमच्यातला एक सीनियर, त्याला इथे 'दादा' म्हणू. शेतात रेंज नसताना केलेल्या नोंदी नंतर सर्व्हरशी जुळवायच्या, तो सिंकचा भाग एकट्या दादाने लिहिलाय. हुशार माणूस. रात्री दोनला बग सांगा, तीनला दुरुस्त. पण रिव्ह्यू करताना, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासताना, तोंड सुटतं. दुसऱ्या वर्षाच्या एका इंजिनिअरिंगच्या पोराने पहिलीच पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारा अशी विनंती) पाठवली. पीएचआय मोजताना फवारणीचा दिवस धरायचा की दुसऱ्या दिवसापासून मोजायचं, ह्याबद्दल. त्यावर दादाची कॉमेंट: "हा कोड आहे की भुरी? आधी आरशात बघ आणि मग ठरव हे क्षेत्र आपलं आहे का." (भुरी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग.) पोराने रिक्वेस्ट बंद केली, ग्रुप सोडला. एका मुलीला "तू डिझाइनचं बघ, लॉजिकमध्ये पडू नको." तीही आता येत नाही.

रेपोत, म्हणजे कोड ठेवतो त्या जागी, आचारसंहितेची फाइल आहे. काँट्रिब्युटर कव्हनंट नावाची तयार संहिता, जशीच्या तशी घेतलेली. तक्रारीसाठी ईमेलही दिलाय. रेपो दादाने उघडला होता, त्यामुळे तो ईमेल जातो दादाकडेच.

कंपनी नाही, एचआर नाही, पगार कुणालाच नाही. अशा ठिकाणी राबवायचं कुणी आणि कसं? आणि दादा रुसून गेला तर सिंक कोण बघणार, हेही डोक्यात आहेच.

फोर्क_बहाद्दर | शनि. रात्री १०:५२

फोर्क करा, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रोजेक्ट काढा, मोकळे व्हा. लायसन्स त्यासाठीच असतं.

निफाडची_थंडी | शनि. रात्री ११:०५

भुरीवर आम्ही गंधक मारतो. दादावर काय मारायचं ते शोधा.

सातपूरकर | रवि. सकाळी ८:१०

माझं मत वेगळं आहे, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. वाईट कामाला वाईट म्हणायचं नाही का? तीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढली. जॉब रिजेक्ट झाला की फोरमन काय बोलायचा ते इथे लिहिता येणार नाही. त्यातूनच हात बसला. आणि लिनक्स? ते सुरू करणारा लायनस टोरवाल्ड्स मेलिंग लिस्टवर लोकांची सालटी काढायचा, म्हणून काय कर्नल (लिनक्सचा गाभा) बंद पडलं? आजची पोरं एका कॉमेंटवर ग्रुप सोडतात, त्याला दादा काय करणार?

अर्धवट_कंपायलर | रवि. सकाळी ९:३०

सातपूरकर काका, लिनक्सचं उदाहरण तुम्ही अर्ध्यावर सोडलंत. पुढचं सांगतो.

२०१५ मध्ये कर्नलवाल्यांनी एक छोटा मजकूर घातला होता, 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट'. त्याचा सूर साधारण असा, की इथे तुमच्या कोडवर टीका होणारच, फारच वाटलं तर अमक्यांना कळवा. तीन वर्षांत त्याने फारसं काही बदललं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द लायनसनेच लिस्टवर लिहिलं की माझ्या मेल्समधले हल्ले अनप्रोफेशनल होते, मी माफी मागतो आणि थोडा बाजूला होतो. त्याच सुमारास कव्हनंटवर आधारलेली आचारसंहिता कर्नलमध्ये आली. ४.१९ आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमनने बाहेर काढली, ऑक्टोबरमध्ये लायनस परत आला. आभाळ कोसळलं नाही.

आणि हे नुसतं कागदावर राहिलेलं नाही. २०२४ मध्ये कर्नलमधल्या बीकॅशएफएस फाइलसिस्टिमच्या मेंटेनरने (तो भाग सांभाळणाऱ्याने) दुसऱ्या डेव्हलपरला मेलमध्ये शिवीगाळ केली. कर्नलच्या आचारसंहिता समितीने जाहीर माफी मागायला सांगितली, ती आली नाही. मग नोव्हेंबरात ६.१३ आवृत्तीच्या सायकलपुरता त्याचा सहभाग रोखला गेला, त्याच्या पुल रिक्वेस्ट घेतल्या नाहीत. एका सायकलपुरता, हे महत्त्वाचं.

वाईट कोडला वाईट म्हणायला कुठल्याच संहितेची ना नाही. "ह्याने दिवस एकाने चुकतोय, टेस्ट जोड" ही कडक कॉमेंटच आहे. "आरशात बघ" ह्यात कोडबद्दल एक अक्षर नाही.

गोदाकाठी | रवि. सकाळी ९:४८

आणि त्या पोराचं गणित बरोबर होतं. दिवस आमचाच चुकत होता.

निफाडची_थंडी | रवि. सकाळी ९:५५

म्हणजे भुरी दुसऱ्याच घडावर होती.

पाथर्डी_फाटा | रवि. दुपारी १२:२०

मला ह्या सगळ्या प्रकाराचीच भीती वाटते. पाच जण बंद खोलीत बसणार, सहाव्याचं काय करायचं ते ठरवणार, आणि उद्यापासून त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. हे आपण नाशिककरांनी पाहिलंय. अंनिसचं जात पंचायत मूठमाती अभियान २०१३ मध्ये इथूनच उभं राहिलं. वाळीत टाकण्याविरुद्ध राज्याला कायदा करावा लागला. आणि आता शिकलेली माणसं इंग्रजी फाइल पुढे करून तेच करणार? दादाने दिलेला वेळ, त्याचं नाव, त्याची ओळख त्या रेपोत आहे. एका बटणात ब्लॉक?

फोर्क_बहाद्दर | रवि. दुपारी १२:३१

+१. म्हणून तर म्हणतोय, फोर्क.

ॲड_मखमलाबाद | रवि. दुपारी ३:४५

जेवण झालंय, आता निवांत लिहिते.

पाथर्डी_फाटा, भीती खरी आहे, उदाहरण मात्र जुळत नाही. सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ चा, लागू झाला २०१७ मध्ये. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो आहे माणसाचं जगणंच तोडण्याविरुद्ध. लग्नकार्याला, मयताला, देवळात, पाणवठ्यावर येऊ न देणं, किराणा न देणं. रेपोत मर्ज करायचा, म्हणजे बदल मुख्य कोडात घ्यायचा, हक्क काढून घेणं म्हणजे बहिष्कार नव्हे. दादाचं लग्न अडणार नाही आणि त्याचा कोडही त्याच्या नावानेच राहणार.

पण पंचायतीत नेमकं काय सडलेलं होतं, ते उलगडून बघा, म्हणजे तुम्हाला काय टाळायचं ते कळेल. नियम आधी लिहिलेले नसत, पंचांच्या मनाला येईल तो नियम. तक्रारदाराचा चुलता पंच असे. चूक एकाची आणि शिक्षा अख्ख्या घराला. दंड भरला तरी परत घेण्याची खात्री नाही. आणि वर दाद मागायला जागाच नाही. गोदाकाठी, तुमच्या गटाची पद्धत ह्यातल्या प्रत्येक गोष्टीच्या विरुद्ध असली की झालं. आत्ता पहिल्याच पायरीवर नापास आहात, तक्रार आरोपीकडेच जाते.

कुणी पॉशबद्दल विचारण्याआधी लिहून टाकते. २०१३ चा तो कायदा लैंगिक छळापुरता आहे, "आरशात बघ" त्यात बसणार नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती, त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांच्या आत, चौकशी नव्वद दिवसांत, नावं बाहेर फोडायची नाहीत. तुमच्या शनिवारच्या बैठकीला हा कायदा जसाच्या तसा चिकटवता येणार नाही, पण मुदती आणि गोपनीयता तिथून उचलायला कुणी अडवलंय?

सांजवेळ | रवि. सायं. ६:१५

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, तक्रार केलेल्या बाजूने. प्रोजेक्टचं नाव घेणार नाही, परदेशातला मोठा आहे.

माझ्या बाबतीत अपमान मोठा नव्हता. एक मेंटेनर माझ्या प्रत्येक पॅचवर "हे तू स्वतः लिहिलंस का?" असं विचारायचा. फक्त मलाच. पहिल्यांदा हसून सोडलं. तक्रार करणारी बाई पहिल्या वेळी तक्रार करत नाही, हे समितीवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं. ती येते तेव्हा बरंच काही गिळून झालेलं असतं.

मेल पाठवला. उत्तर आलं, "धन्यवाद, आम्ही बघतो." नंतर शुकशुकाट. पुढच्या ऑनलाइन मीटिंगला तो मेंटेनर मला म्हणाला, "तुझं काही म्हणणं होतं तर मला सांगायचंस ना." म्हणजे नाव पोचलं होतं आणि निकाल आलाच नव्हता. मी भांडले नाही, काम सोडलं. तिथल्या वार्षिक अहवालात माझी तक्रार बहुतेक 'निकाली' म्हणून मोजली गेली असेल.

तेव्हा गोदाकाठी, शिक्षा काय द्यायची ते नंतर बघा. आधी हे ठरवा की मेल आला की दोन दिवसांत माणसाचं उत्तर जाईल, पुढे काय होणार आणि कधी ते त्यात असेल, आणि आरोपीला काय सांगणार ते आधी तक्रारदाराला दाखवलं जाईल.

आडगावचा_आडमुठा | रवि. सायं. ७:०२

ती कव्हनंटची फाइल उघडून वाचली. त्यात जातपण टाकलीये. ओपन सोर्समध्ये जात कुठून आली? कोडला आडनाव असतं का?

अर्धवट_कंपायलर | रवि. सायं. ७:१०

कोडला नसतं. कमिटला, म्हणजे बदलाच्या नोंदीला, असतं. २.१ आवृत्तीत, २०२१ मध्ये, तो शब्द घातला गेला.

सांजवेळ | रवि. सायं. ७:१४

"पूर्ण नाव काय म्हणालात?" ह्या प्रश्नावर किती मीटअप सुरू होतात ते मोजा एकदा.

आडगावचा_आडमुठा | रवि. सायं. ७:२०

बरं. मुद्दा पोचला.

मिसळ_कट | रवि. रात्री ८:४०

अवांतर: एसक्यूएलाइट ह्या डेटाबेसवाल्यांना २०१८ मध्ये ग्राहक कंपन्यांनी आचारसंहिता मागितली, तर त्यांनी सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टचे मठातले नियम लावून टाकले होते. गदारोळ झाल्यावर त्याला 'कोड ऑफ एथिक्स' म्हटलं आणि आचारसंहिता म्हणून मोझिलाची नियमावली घेतली. आपण टाकळीच्या मठातून काही आणायचं का? पहाटे उठून गोदावरीत बुडी मारल्याशिवाय मर्ज नाही.

निफाडची_थंडी | रवि. रात्री ८:४४

डिसेंबरात इकडे ठेवा बुडी. बग आपोआप कमी होतील.

सातपूरकर | सोम. सकाळी ७:५०

काल दिवसभर वाचत होतो. वकीलबाईंचं पटलं, आणि त्यावरून एक आठवलं. मी फोरमनच्या शिव्या सांगितल्या, पण त्याच कंपनीत मी पुढे युनियनच्या कमिटीवर होतो. तिथे कुणाला काढायचं म्हटलं तर असं उठून काढता यायचं नाही.

आधी तोंडी समज. मग लेखी ताकीद, पोच घेऊन. मग शो-कॉज, त्याला उत्तर द्यायला मुदत. उत्तर पटलं नाही तर चार्जशीट, त्यात "वर्तन ठीक नाही" असं मोघम चालत नाही, अमुक तारखेला अमुक शिफ्टला अमुक माणसाला अमुक शब्द बोलला, असं लिहावं लागतं. मग डोमेस्टिक इन्क्वायरी. इन्क्वायरी ऑफिसर शक्यतो बाहेरचा, तक्रार करणाऱ्या सुपरवायझरचा माणूस नको. कामगाराच्या बाजूने बोलायला एक सहकारी बसू शकतो. निलंबन असेल तर निर्वाह भत्ता. ह्यातली एक पायरी चुकली तर लेबर कोर्टात मॅनेजमेंटची वाट लागायची, आणि आम्ही लावायचो.

तुमच्या संगणकवाल्यांकडे असं काही लिहिलेलं आहे का, का आधी ब्लॉक आणि मग चर्चा?

अर्धवट_कंपायलर | सोम. सकाळी १०:०५

काका, आहे. गोदाकाठींच्या फाइलमध्येच शेवटी असणार, कुणी खालपर्यंत वाचत नाही इतकंच. कव्हनंटच्या २.० आणि २.१ आवृत्तीत अंमलबजावणीची चार पायऱ्यांची शिडी आहे: दुरुस्ती, ताकीद, तात्पुरती बंदी, कायमची बंदी. ती मोझिलाच्या शिडीवरून घेतलेली. तुमची तोंडी समज म्हणजे त्यातली पहिली पायरी: खासगीत लेखी सांगायचं, काय चुकलं, का चुकलं, हवं तर जाहीर माफी मागायला सांगायचं. फक्त तुमच्या शो-कॉजसारखं काही तिथे स्पष्ट लिहिलेलं नाही. समोरच्याचं म्हणणं कधी ऐकायचं, ते प्रत्येक प्रोजेक्टने स्वतः ठरवायचं. बहुतेक जण ठरवत नाहीत.

दुसरा प्रश्न, वरच्या माणसाला कोण विचारणार. रस्ट ह्या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रोजेक्टमध्ये हेच झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांच्या सगळ्या मॉडरेशन टीमने एकदम राजीनामे दिले. कारण सांगितलं की कोअर टीम स्वतःशिवाय कुणालाच बांधील नाही, तिच्यावर आम्हाला संहिता राबवता येत नाही. त्यानंतर अख्खा कारभार बदलावा लागला, २०२३ मध्ये कोअर टीमच्या जागी लीडरशिप कौन्सिल आलं. इतका नावाजलेला प्रोजेक्ट. आणि तुमच्याकडे दादा हीच कोअर टीम आणि दादाच मॉडरेशन टीम.

फोर्क_बहाद्दर | सोम. सकाळी १०:१२

आता तरी फोर्क?

बग_शोधक | सोम. दुपारी १:३०

फोर्क_बहाद्दर, सिंकचा कोड फोर्क होईल, सिंक समजणारा माणूस फोर्क होत नाही. त्या कोडवर कागदपत्रं आहेत का, गोदाकाठी? नसतील तर आचारसंहितेचं काय करायचं ते करा, पण आजपासून दुसऱ्या कुणाला तरी दादाच्या शेजारी बसवा. माणूस जाईल ह्या धाकाने नियम लावता येत नसतील तर ती अडचण नियमांची नाहीच.

एक बाजू इथे कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. उद्धटपणा नेहमी वरून खाली येतो असं नाही. एक्सझेडचं (फाइल दाबून लहान करणाऱ्या, लिनक्समध्ये सगळीकडे असलेल्या टूलचं) प्रकरण आठवा. बिनपगारी, थकलेला एकटा मेंटेनर. २०२२ मध्ये लिस्टवर काही खात्यांवरून त्याला टोचणी सुरू झाली: पॅच पडून आहेत, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्याने तब्येतीचं कारण सांगितलं, तरी थांबले नाहीत. ती खाती बनावट असावीत असा दाट संशय आहे. शेवटी ज्या 'मदतनीसा'च्या हाती कारभार गेला त्याच्याच नावाने ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा निघाला. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंडने तो उघड केला, तोही एसएसएच (दूरच्या मशीनवरच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून खोदत गेला म्हणून. त्या टोचणीला तेव्हाच कुणी "ही भाषा इथे चालणार नाही" म्हटलं असतं तर? सांगता येत नाही. पण कुणी म्हटलं नाही.

तर दादा पहिल्यापासून असाच होता, की अलीकडे झालाय?

गोदाकाठी | सोम. रात्री ९:२५

बग_शोधक, प्रश्न वर्मी लागला. पूर्वी इतका नव्हता. ऑक्टोबर छाटणीनंतर शेतकऱ्यांचे फोन थेट त्याच्याच मोबाइलवर येतात, कारण ॲपमध्ये मदतीसाठी त्याचाच नंबर आहे. पाऊस पडला की डाऊनी रोगासाठी सगळे एकदम फवारणी करतात, एकदम नोंदी टाकतात, सिंक अडकतं आणि रात्रभर फोन. दिवसा त्याला नोकरी आहे. ह्यामुळे "आरशात बघ" माफ होत नाही, पण हेही खरं.

आज आम्ही बसलो. तक्रारीचा ईमेल तिघांकडे जाईल असा केला. त्यातली एक गटाबाहेरची, नाशिकरोडची एक प्राध्यापिका तयार झाली. तिघांपैकी कुणाचा संबंध असेल तर तो बाजूला होणार, हे फाइलमध्ये लिहिलं. मदतीचा नंबर ॲपमधून काढला, आता आळीपाळीने उत्तरं देऊ. उद्या प्राध्यापिका आणि मी दादाशी बोलणार. चार्जशीट सातपूरकर पद्धतीने: तारीख, लिंक, शब्द.

सांजवेळ | सोम. रात्री ९:४०

आणि तो मुलगा? ती मुलगी? त्यांना विचारल्याशिवाय त्यांचे शब्द दादासमोर ठेवणार?

गोदाकाठी | सोम. रात्री ९:५१

दोघांना मेसेज केलाय. मुलगी हो म्हणाली. मुलाने अजून बघितलेला नाही, त्याची लिंक तोवर वापरणार नाही.

पाथर्डी_फाटा | मंगळ. सकाळी ११:००

हे वाचून बरं वाटलं. तरी माझी शंका आहेच. तिघं नेमले कुणी? तुम्हीच. उद्या तुमच्याविरुद्ध तक्रार आली तर?

गोदाकाठी | मंगळ. सकाळी ११:०८

मी त्या तिघांत नाही. पण मुद्दा बरोबर, नेमणूक दर वर्षी बैठकीत मतदानाने करू.

मिसळ_कट | मंगळ. दुपारी २:१५

मतदानाला मिसळ ठेवा, कोरम भरेल.

गोदाकाठी | बुध. रात्री १०:३०

बोलणं झालं. दोन तास. दादा आधी भडकला, "फुकटात काम करतोय आणि वर हे?" मग प्राध्यापिकेने त्याला त्याचंच वाक्य दाखवून विचारलं की ह्यातून त्या मुलीने कोडमध्ये नेमकं काय बदलायचं होतं. त्यावर गप्प झाला. ठरलं असं: तीन महिने रिव्ह्यू दादा करणार नाही, कोड मात्र पाठवेल आणि तो दुसरे तपासतील. सिंकची माहिती लिहून काढायची, ते काम दोघा नव्यांना घेऊन. मुलीला त्याने माफीचा मेल पाठवला, आधी आम्हाला दाखवून.

एक गोष्ट अडली. त्याचं म्हणणं, अपमान उघड रेपोत झाला असेल तर मग तीन महिन्यांचा निर्णयही उघड लिहा, नाहीतर लोक काहीबाही बोलतील. आम्हाला ते खासगी ठेवायचं होतं. इथे काय करावं?

अर्धवट_कंपायलर | बुध. रात्री १०:५०

दोन्हीचे तोटे आहेत. पायथनने ऑगस्ट २०२४ मध्ये एका जुन्या कोअर डेव्हलपरला तीन महिन्यांसाठी निलंबित केलं आणि कारणांची यादी जाहीर केली. मग ती यादीच वादाचा विषय झाली, एकेका कारणावर हजार मतं. पोस्टग्रेस डेटाबेसवाले वर्षाचा अहवाल काढतात, किती तक्रारी आल्या आणि काय केलं ते सांगतात, व्यक्तींची नावं नाहीत. पण त्यांच्याकडे माणसं भरपूर. तुमच्या एवढ्याशा गटात नाव नाही लिहिलं तरी सगळ्यांना कळणारच.

माझं मत: दादा स्वतः तयार आहे तर त्याने स्वतःच्या शब्दांत, त्याच कॉमेंटच्या खाली, दोन ओळी लिहाव्यात. समितीने निवेदन काढू नये.

ॲड_मखमलाबाद | बुध. रात्री ११:२०

सहमत. आणि अजून एक लिहून ठेवा, नोंद कुठवर ठेवायची. तीन महिने नीट गेले, पुढचं वर्षही नीट गेलं, तर ती फाइल बंद. पुढच्या वेळी कुणी जुनी काढून पुन्हा फडकवायची नाही.

सातपूरकर | गुरु. सकाळी ७:४०

ह्यात मात्र वकीलबाईंशी असहमत. आमच्याकडे वॉर्निंग लेटर एकदा पर्सनल फाइलला लागलं की रिटायर होईपर्यंत तिथेच. नोंदच पुसली तर दुसऱ्यांदा झाल्यावर दुसरी पायरी लावणार कशावरून?

ॲड_मखमलाबाद | गुरु. सकाळी ९:०५

वर्षभरात झालं तर नोंद आहेच ना. दहा वर्षांनी झालं तर पहिल्या पायरीपासून सुरू करा, काय बिघडलं? आणि काका, ते लेटर फाइलमधून काढून टाका म्हणून युनियनवाले किती वेळा मॅनेजरच्या केबिनबाहेर बसायचे, तेही सांगा ना इथे.

सातपूरकर | गुरु. सकाळी ९:१८

ते वेगळं. तेव्हा मी युनियनच्या बाजूने होतो.